पासंग

सेलूच्या मोंढ्यात माझा बाप मापाडी होता.
नाव मुंजाजी. पिंपळावरच्या मुंजाला
नवस बोलून झालेला,
आणि मुंजा, देव, वरचा, खालचा,
यातलं काहीच न मानणारा.

तराजू उचलण्याआधी
तो दोन्ही पारड्यांत फुंकर मारायचा.
मग पासंग बघायचा,
हलक्या बाजूला चिंचोका बांधायचा.
काटा थरथरत मधोमध येईस्तोवर
अख्खा मोंढा थांबलाय असं वाटायचं मला.
पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत.
लाभ. दोन. तीन. चार.
लाभ कुणाचा, मी विचारलं होतं.
"ज्याचा माल त्याचा. आपला न्हाई."

एकदा आडत्या हसत म्हणाला,
पारड्याला अंगठा लागला जरासा
तर वर कोण बगायलंय, मुंजाजी?
कोणीच न्हाई, बाप म्हणाला.
म्हणून तर पाय आखडून बसतो.

एवढं मी लोकांना सांगते. लोकांना आवडतं.
पुढचं सांगत नाही.

थोरलीला कावीळ झाली त्या साली
तांड्यावरची सक्रीबाई तूर घेऊन आली,
सहा पोती.
त्या दिवशी अंगठा लागला.
पोत्यामागं दोन किलो.
आडत्यानं रात्रीच पैसे दिले, औषध आलं,
आठ दिवसांनी थोरली भिंतीला टेकून बसली
आणि तिनं भाकर मागितली.

दिवाळीनंतर बाप पैसे घेऊन तांड्यावर गेला.
सक्रीबाई आखाडातच गेली होती.
पोरं ऊसतोडीला. दाराला कुलूप.

मानणाऱ्याचं बरं असतं.
तो गंगेत बुडी मारतो,
नाहीतर म्हणतो, पुढल्या जन्मी
तुझ्या दावणीचा बैल होऊन फेडीन.
बापाकडं पुढला जन्म नव्हता.
कुलपासमोर उभा राहिला तो,
बाराशे रुपये, सदऱ्याच्या आतल्या खिशात.

चैतात पोरं परतली तेव्हा पुन्हा गेला.
कशाचे पैसे, ते सांगून दिले.
त्यांनी मोजून घेतले.
धाकटा म्हणाला, याडी असती
तर शिव्या घातल्या असत्या तुम्हाला, मग चहा पाजला असता.
आम्हाला यातलं काहीच करता येईना.

त्यानंतर पन्नास पावसाळे नव्हे, एकोणीसच जगला.
चहा सोडला नाही, उपास धरला नाही,
कुणाला उपदेश केला नाही.
फक्त एखादवेळी, जेवताना हात थांबवून,
"फिटत न्हाई ते फिटत न्हाई, कालिंदा.
माणूस हाय तवर माप नीट करावं.
मागून पारडंच नसतं."
आणि थोरलीकडं बघायचा.
ती भात कालवत असायची, जिवंत.
तिच्यासाठी पुन्हा तसंच केलं असतं का,
हे मी त्याला विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.

तो गेला. दहाव्याला आम्ही गंगाखेडला गेलो नाही.
आत्यानं मात्र न्हाणीजवळच्या दगडावर
भाताचा मुटका ठेवला, वर दही.
कावळा आला. भातासाठी आला.
आत्या रडत म्हणाली, शिवला गं, लगेच शिवला,
काही मागं राहिलं न्हाई त्याचं.
मी तिच्या पाठीवर हात ठेवला.
राहिलं होतं, सहा पोत्यांएवढं.
पण ते तिला सांगून
कुणाच्या पारड्यात काय पडलं असतं?

आता मी अंगणवाडीत तांदूळ मोजते.
बॅटरीचा काटा आहे, तांबडे आकडे.
नोंदवहीत पोरं सव्वीस, समोर बावीस.
पर्यवेक्षिका म्हणतात, बाई, चार जणांचं कुठं कोण बघतंय.
मी बावीस लिहिते.
त्यानं माझा पगार वाढत नाही,
मरणही सोपं होणार नाही.

काट्यावर चिंचोका बांधायला जागाच नाही.
तरी मी फुंकर मारते,
शून्य हलायचं थांबेस्तोवर थांबते,
पहिलं माप पातेल्यात ओतते आणि म्हणते,
लाभ.

भोकऱ्यांची पोर रोज मला दुरुस्त करते:
बाई, एक.